पोटातले ओठावर

"आजी, पोटात दुखून राह्यलं..."

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या घरातली सकाळ या वाक्याने उजाडत असे. नातू तेव्हा चौथीत होता. अंथरुणातून उठला, तोंड धुतले, दप्तर भरले, इथपर्यंत सारे ठीक. ताटलीत पोहे पडले की दोन घासांतच त्याचा हात पोटावर जायचा. "झालं. पोट भरलं." बेंबीच्या वर, जिथे दोन्हीकडच्या फासळ्या येऊन मिळतात तिथे बोट ठेवून तो सांगायचा, "इथं दुखते." मग ढेकरा, मळमळ आणि डोळ्यांत पाणी. दुपारी मात्र हाच पोरगा अंगणात गोट्या खेळताना दिसायचा, आणि तिथेच सगळा घोटाळा व्हायचा. सकाळी ज्याचे पोट दुखत होते तो दुपारी हसताना दिसला, की मोठ्या माणसांचा निष्कर्ष ठरलेला असतो.

"शाळेत जाचं नाही म्हणून नाटकं करून राह्यला तो," माझा मुलगा म्हणाला.

खरे सांगायचे तर मनातून मीही तेच म्हणत होते. घाटंजी तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. पोटदुखीच्या नाना तऱ्हा पाहिल्या. पाढ्यांच्या तासाला दुखणारे पोट, परीक्षेच्या सकाळी दुखणारे पोट, सोमवारी सुरू होऊन शनिवारी शाळा लवकर सुटताच बरे होणारे पोट. बहाणेबाज पोर ओळखण्याची आपली नजर पक्की आहे, असा मला अभिमान होता. त्या अभिमानाचे पुढे काय झाले, ते आज सांगायचे आहे.

ओव्यापासून गाठीपर्यंत

आमचे घाटंजी म्हणजे वाघाडी नदीच्या काठचे, कापसाचे गाव. तालुक्याचे ठिकाण असल्याने औषधांची दुकाने पुष्कळ, आणि सल्ला देणारे त्याहून पुष्कळ. सुरुवात अर्थातच घरच्या डब्यातून झाली. ओवा आणि काळे मीठ झाले, बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला, ताकात जिरेपूड झाली. शेजारच्या काकू आल्या, पोराकडे पाहून म्हणाल्या, "नजर लागली बाई याले. मीठ-मोहरी उतरव." ज्या हातांनी वर्षानुवर्षे फळ्यावर पचनसंस्थेची आकृती काढली, त्याच हातांनी मी मीठ-मोहरी उतरवून निखाऱ्यावर टाकली. मोहरी तडतडली, पोट दुखायचे राहिले नाही.

मग बाटल्या आल्या. भूक वाढवणारी एक, पाचक एक, गॅसची एक, आणि कुणीतरी 'टॉनिक आहे, देऊन पाहा' म्हणून दिलेली एक. जंतांचे औषध तर त्याला शाळेत मिळालेले होतेच. २०१५ पासून देशभर राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांतून पोरांना ती गोळी चावून खायला देतात. तरीही कुणी म्हणाले, म्हणून आणखी एकदा झाले. फडताळात बाटल्यांची रांग लागली. प्रत्येक नवी बाटली चार-सहा दिवस लागू पडल्यासारखी वाटायची आणि मग ये रे माझ्या मागल्या.

या बाटल्यांकडे पाहताना मला आमच्याच तालुक्यातली एक गोष्ट आठवायची. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओच्या डोसाच्या दिवशी, कापसी-कोपरी गावात १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना उलट्या झाल्या, यवतमाळच्या रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने सगळी सुखरूप परतली. त्या वेळी आम्ही सर्वांनीच हळहळून विचारले होते, बाटलीवरचे नाव कुणी वाचले कसे नाही? आणि आज माझ्याच फडताळातल्या पाच बाटल्यांवर काय लिहिले आहे, त्या कशासाठी आहेत, हे मी तरी कुठे वाचले होते?

शेवटी एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. कागद हातात देताना कुणीसे बोलून गेले, "पोटात गाठी दिसतात."

गाठी! हा एक शब्द घरात आला आणि घराचा रंगच बदलला. सूनबाईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. "आई, टीबी तर नसंल न?" असे तिने मला पहाटे विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघे, म्हणजे नातू, सून आणि मी, यवतमाळला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

दुखते ते खरेच दुखते

डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की आमच्याकडे न पाहता त्यांनी थेट नातवाला विचारले, "दुखते तेव्हा कसं दुखते रे? टोचते, जळते, की पिळते?" तो गोंधळला. इतक्या महिन्यांत त्याला असे कुणी विचारलेच नव्हते. विचार करून म्हणाला, "कोणी मूठ आवळून धरल्यासारखं."

मग वजन, उंची, पोटाची तपासणी. रात्री दुखण्याने झोपमोड होते का, उलटीत किंवा शौचात रक्त पडते का, ताप येतो का, वजन उतरले का, घरात कुणाला जठराचा व्रण आहे का, शौचाला रोज होते का, असे कितीतरी प्रश्न. सगळ्यांची उत्तरे समाधानकारक आली. 'गाठीं'चा कागद त्यांनी उजेडात धरून वाचला आणि सांगितले, की आतड्याजवळच्या या बारीक लसिकाग्रंथी आहेत. पोटदुखी नसलेल्या धडधाकट मुलांची सोनोग्राफी केली, तरी त्यांच्यातही त्या पुष्कळदा दिसतात. ताप नाही, वजन घटलेले नाही, ग्रंथींचा आकारही लहान. हा टीबी नव्हे.

सूनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. मी मात्र माझ्या सवयीने म्हणाले, "म्हणजे याला काहीच झालेलं नाही तर!"

"असं मी कुठे म्हणालो, बाई?" डॉक्टर म्हणाले. "याचं पोट खरोखर दुखतं आहे."

या आजाराला वैद्यकात 'फंक्शनल डिस्पेप्सिया' म्हणतात. मराठीत फार तर 'कार्यात्मक अपचन' म्हणता येईल, पण त्या शब्दाने कुणाला बोध होईल असे नाही. मला तो समजला बैलगाडीच्या उदाहरणाने. चाके शाबूत, आरे शाबूत, जू, साटी सगळे जिथल्या तिथे. पण बैल बुजलेला आहे. गाडी तपासणारा म्हणेल, काही बिघाड नाही. पण गाडीत बसलेल्याला जे धक्के बसतात ते काय खोटे असतात? जठराला जखम नाही, सूज नाही, गाठ नाही. पण त्याचे काम बिनसले आहे.

जगभरच्या पोटविकारतज्ज्ञांनी अशा आजारांसाठी काही कसोट्या ठरवल्या आहेत. हे काम रोममध्ये सुरू झाले म्हणून त्यांना 'रोम निकष' म्हणतात. १९९९च्या दुसऱ्या आवृत्तीत मुलांचा विचार प्रथम स्वतंत्रपणे झाला, आणि २०१६ मध्ये चौथी आवृत्ती निघाली. त्यानुसार जेवणानंतर पोट जड होणे, नेहमीचे जेवण संपायच्या आतच पोट भरल्यासारखे वाटणे, किंवा बेंबीच्या वर दुखणे-जळजळणे, यांपैकी काही तरी महिन्यातून किमान ४ दिवस आणि असे किमान २ महिने चालले, ते दुखणे शौचाशी जोडलेले नसले आणि योग्य तपासणीत दुसरे कारण निघाले नाही, तर त्याला हे नाव द्यावे.

आणि हे काही आमच्याच घरी आलेले आक्रीत नव्हते. इंग्लंडातील ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९५८ मध्ये १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत दर शंभरात दहा-अकरा मुलांना वारंवार पोटदुखी होती, आणि अशा पोटदुखीत अवयवाचा आजार फार थोड्यांना सापडतो, असे त्यांना आढळले. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितके त्याच्यामागे अवयवाचा आजार असण्याचा संभव अधिक, हा त्यांचा ठोकताळा डॉक्टरांना अजूनही शिकवला जातो. वर्गात चाळीस मुले धरली, तर चार जण. माझ्या तीस वर्षांत किती झाले असतील, याचा हिशेब मी त्या दिवशी एसटीत बसून केला आणि मग सोडून दिला.

पोटात गोळा येतो तो कसा?

जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे. अन्न येऊ लागले, की त्याचा वरचा भाग सैल होऊन जागा करून देतो. ही जागा नीट झाली नाही तर चार घासांतच पोट तुडुंब वाटते. मग खालचा भाग अन्न घुसळून थोडे थोडे पुढे ढकलतो. हे काम मंदावले तर जडपणा, ढेकरा, मळमळ. तिसरी गोष्ट म्हणजे पोटाच्या मज्जातंतूंचे कान तिखट होणे. इतरांना ज्याची जाणीवही होत नाही तेवढा ताण, तेवढे आम्ल अशा मुलाला दुखते. कधी हगवण-उलट्यांचा आजार येऊन जातो, तो बरा होतो, पण पोटाचा हा हळवेपणा मागे ठेवून जातो. अवेळी आणि घाईचे जेवण, तेलकट-तिखट पाकिटे, बद्धकोष्ठ, अपुरी झोप, ही त्यात भर घालतात.

आणि मन? अन्ननलिकेपासून आतड्यांच्या टोकापर्यंत पचनमार्गाच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत, आणि मेंदूशी त्यांचे अखंड बोलणे चालू असते. हे बोलणे पहिल्यांदा जवळजवळ डोळ्यांनी पाहिले ते एका लष्करी डॉक्टरने. १८२२ मध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठराचे छिद्र कायम राहिले. डॉ. विल्यम ब्यूमाँट यांनी त्या छिद्रातून वर्षानुवर्षे पचन पाहिले आणि १८३३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. गडी चिडला, त्याचे मन बिघडले, की त्याचे पचनही बिघडते, ही नोंद त्यात आहे.

पण त्यासाठी आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरज आहे का? भीतीने आपल्या पोटात गोळा येतो. पोर उशिरापर्यंत घरी आले नाही, की आईच्या पोटात कालवते. वाईट बातमीने पोटात धस्स होते. माया तर पोटातूनच येते. आपल्या भाषेला हे सगळे आधीपासून ठाऊक होते. आपण रोज ते बोलतही होतो. फक्त मूल तेच बोलले, की आपण त्याला नाटक म्हणत होतो.

हजेरीपट

डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी मला एक काम दिले. "तुम्ही शिक्षिका. तीन आठवडे रोज लिहून ठेवा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कधी दुखलं, त्या दिवशी घरात आणि शाळेत काय होतं." फडताळातल्या सगळ्या बाटल्या मात्र बंद करायला सांगितल्या.

मला काय, हजेरीपट भरायची सवयच. दोनशेपानी वहीला रेघा मारल्या आणि सुरुवात केली. माझी पक्की खात्री होती, की रविवारी पोट दुखणार नाही आणि 'शाळेचा कंटाळा' हे निदान आपण सिद्ध करू. पहिल्याच रविवारी दुखले. पुढे सोमवार-मंगळवार पाऊस लागून होता, शाळा नेहमीसारखी भरली, गणिताची चाचणीसुद्धा झाली, आणि त्या दोन्ही दिवशी दुखले नाही. माझे निदान तिथेच ढासळले.

मग पोळा आला. पोळ्याच्या दिवशी पोरगा दोन पुरणपोळ्या तुपासह खाऊन उठला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून आळीभर हिंडला, मिळेल ते घरोघरी खाल्ले. ढेकर नाही की मळमळ नाही. जड अन्नाने पोट दुखत असते, तर या दोन दिवसांत तो आडवा व्हायला हवा होता. तिसऱ्या दिवशी ऊन पडले, आणि सकाळी साध्या पोह्यांवर पुन्हा हात पोटावर.

मी वही घेऊन बसले. दुखलेल्या दिवसांखाली लाल रेघ मारली. ऊन-ऊन-ऊन. पाऊस असेल त्या दिवशी नाही, सणाच्या दिवशी नाही. मला काही उलगडेना. सूनबाई मागे उभी राहून वाचत होती. ती हळूच म्हणाली, "आई, हे तर फवारणीचे दिवस आहेत."

बाबा आल्यावर जेवतो

आमची सात एकर शेती आहे. कपाशी आणि तूर. ऑगस्ट-सप्टेंबरात उघडीप मिळाली, की माझा मुलगा पाठीवर पंप घेऊन निघतो. यवतमाळ जिल्ह्याला या पंपाचे वेगळे सांगायला नको. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तेव्हा नातू अगदी तान्हा होता. त्याला त्यातले काही आठवायचे कारण नाही. पण गावात गोष्टी मरत नाहीत. दरवर्षी फवारणी आली, की त्या पुन्हा ओट्यावर येऊन बसतात.

त्या संध्याकाळी मी त्याला काही विचारले नाही. तुरीच्या वरणात भाकर कुस्करत नुसती शेजारी बसले. त्याने ताट सरकवले, आणि नेहमीचे वाक्य म्हणाला, "बाबा आल्यावर जेवतो." गेले दोन महिने तो हे म्हणत होता, आणि आम्ही कौतुकाने सांगत होतो, बापाची किती माया बघा!

मी म्हणाले, "बाबा येतीलच रे. तुले भेव वाटते का?"

बराच वेळ काही नाही. मग खाली पाहत म्हणाला, "आजी, ते औषध पोटात जाते न? शाळेतल्या पोराच्या काकाले वावरातून उचलून आणलं होतं. उलट्या होत होत्या त्याले. सगळे म्हणत होते, विष पोटात गेलं." थोडे थांबून, "बाबा तोंडाले काहीच बांधत नाही. मी पाह्यलं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. नऊ वर्षांचे पोर रोज सकाळी बापाला पंप भरताना पाहत होते, मनात जे येई ते कुणाला सांगत नव्हते, आणि ते सारे त्याच्या पोटात जाऊन बसत होते. तो शाळा चुकवत नव्हता. त्याला घर सोडून जायचे नव्हते, कारण आपण नसताना बाबांना काही झाले तर?

आणि सर्वांत अवघड गोष्ट पुढेच होती. त्याची भीती खोटी नव्हती. 'काही होत नाही रे' म्हणून डोक्यावरून हात फिरवण्यासारखी ती नव्हतीच. माझा मुलगा खरोखरच तोंडाला काही न बांधता, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, भर उन्हात फवारत होता. नोझल तुंबले, की तोंडाने फुंकत होता. घरातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी डोळ्यांआड केलेली गोष्ट एकट्या त्या पोराच्या पोटाने ओळखली होती.

मुलाला रात्री हे सांगितले, तेव्हा तो काही बोलला नाही. उठून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बाजारातून मास्क, हातमोजे आणि चष्मा घेऊन आला. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा फवारणीसाठी वेगळा काढला. त्यानंतर आमच्या घरात नवा रिवाज सुरू झाला. फवारणीच्या सकाळी नातू दारात वही घेऊन उभा राहतो आणि हजेरी घेतो: मास्क? हातमोजे? चष्मा? वाऱ्याच्या दिशेला पाठ? दुपारचे ऊन टाळायचे? नोझल फुंकायचे नाही? बाप एकेका प्रश्नाला "हजर" म्हणतो. आल्यावर साबणाने आंघोळ, ते कपडे वेगळे धुवायचे, आणि मगच जेवायला बसायचे, हेही वहीत आहे.

मग औषध काय?

वही घेऊन आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. "निम्मा इलाज तुम्हीच केलात," डॉक्टर म्हणाले. उरलेला निम्मा त्यांनी सांगितला तो असा: जेवण थोडे थोडे आणि ठरल्या वेळी. तळलेले कमी, कारण स्निग्ध पदार्थ जठर रिकामे व्हायला वेळ लावतात. पाच रुपयांची तिखट पाकिटे बंद. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन तासांचे अंतर. सकाळी घाई न करता शौचाला बसायची सवय. दिवसभर पाणी, रोज खेळ, पुरेशी झोप. दुखले तर शांतपणे पोटाने श्वास घ्यायला शिकवणे, आणि जमेल तसे शाळेत जाऊ देणे, कारण घरी राहिल्याने दुखण्याची भीती वाढते. आणि उठता-बसता 'पोट दुखते का' असे विचारायचे नाही.

गोळ्यांचे काय? आम्ल कमी करणारी औषधे काही मुलांना काही आठवडे उपयोगी पडतात. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यावीत आणि त्यांच्या सांगण्यावरून थांबवावीत, दुकानातून आणून महिनोन्‌महिने चालू ठेवू नयेत. अंगदुखी-तापाच्या काही गोळ्या तर जठराला उलट झोंबतात. निमेसुलाईड १२ वर्षांखालील मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी घरात उरलेली पट्टी पोराला देणारे लोक मी पाहिले आहेत. २००९ मध्ये अमेरिकेत पोटदुखीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना चार आठवडे खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक मुलांना बरे वाटले, फरक विशेष पडला नाही. याचा अर्थ त्या मुलांचे दुखणे खोटे होते असा नव्हे. कुणीतरी लक्ष देऊन ऐकते आहे, यालाही गुण असतो, असा मी त्याचा अर्थ घेते. मुलाला आणि घरच्यांना भीतीशी, दुखण्याशी वागायला शिकवणारे मानसोपचार अशा पोटदुखीत उपयोगी पडतात, हेही अभ्यासांतून दिसले आहे.

पण म्हणून प्रत्येक पोटदुखी मनाची, असे कृपा करून समजू नका. हे वाचून कुणी तपासणी टाळली, तर मी लिहिले ते वायाच गेले. दुखण्याने मूल रात्री जागे होते, वजन उतरते किंवा वाढ खुंटते, वारंवार उलट्या होतात, उलटी हिरवी किंवा रक्ताची होते, शौचात रक्त पडते, ताप येतो, गिळताना अडकते, डोळे पिवळे होतात, सांधे दुखतात, किंवा दुखणे बेंबीपासून दूर एका बाजूला असते, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. बेंबीजवळ सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकणारे दुखणे अ‍ॅपेंडिक्सचे असू शकते. तिथे ओवा-हिंगात वेळ घालवू नये. आणि आपल्या भागात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. फवारणीच्या दिवसांत मुलाला एकाएकी उलट्या, पोटात कळा, तोंडातून लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा धाप दिसली, तर ती विषबाधा समजून तडक रुग्णालय गाठावे.

शेवटी एक नाव नसलेली मुलगी

नातवाचे पोट बरे झाले का? झाले, पण सिनेमात होते तसे नव्हे. हळूहळू दुखण्याचे दिवस कमी झाले. कापूस वेचणीपर्यंत वहीत लाल रेघ क्वचित दिसू लागली. वार्षिक परीक्षेच्या आधी दोन-तीनदा दुखले. आता तो स्वतःच सांगतो, "आजी, हे पेपरचं दुखणं आहे," आणि पोटावर हात ठेवून श्वास मोजत बसतो.

मला मात्र या दिवसांत राहून राहून एक मुलगी आठवते. माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसायची. मधल्या सुट्टीनंतर तिचे पोट हमखास दुखायचे. तिला मी एकदा नव्हे, अनेकदा सर्वांसमोर उभे करून म्हणाले आहे, "पुरे झाली नाटकं." ती दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही, कारण शाळेच्या संडासाच्या दाराला कडी नाही आणि तिला तिथे जायची लाज वाटते, हे मला फार उशिरा, तिच्या आईकडून कळले. शौच-लघवी तासन्‌तास दाबून धरणाऱ्या मुलाचे पोट दुखणारच, हे मी विज्ञानाच्या तासाला नक्कीच शिकवले असते. एका कडीचे काम होते. मी उभे करत राहिले.

तिची माफी आता कुठे मागू? म्हणून हे लिहिले. उद्या सकाळी तुमच्या घरी कुणी पोटावर हात ठेवून उभे राहिले, तर आधी तपासून घ्या, आणि मग जवळ बसा. 'खरंच दुखतंय का?' असे विचारू नका. 'कधीपासून दुखतंय?' असे विचारा. पोटातले ओठावर यायला मुलांना वेळ लागतो. तेवढा वेळ आपल्यापाशी असायला हवा.

परवा रात्री भाकरी करता करता मी सहज मागे पाहिले. बाप-लेक एका ताटात जेवत होते. नातवाने ताट पुढे केले. "आजी, अजून अर्धी वाढ."

मी अख्खी वाढली.